तीस मीटर तार

हिंगणघाटच्या दुकानात लीलाराम झामनानीनं
तीन डबे मांडले काउंटरवर.
एकाला दोन अँटेना, एकाला चार,
एकाला आठ, उताणा पडलेला खेकडाच.
"हा घ्या मॅडम, सात भिंती फोडतो."
मी म्हटलं, आमच्या भिंती फोडायच्या नाहीत,
मातीच्या आहेत, दीड हात जाडीच्या,
आणि छप्पर त्यांच्यावरच आहे.
तो हसला. मी नाही हसले.
आधीचा डबा असाच हसतखेळत घेतला होता.

तो गेला नवतप्यात.
दुपारी दोनला, टिनाखाली,
हात लावला तर भाकरीचा तवा.
हिरवा दिवा, मग केशरी, मग काहीच नाही.
ओसरीवर बारा माणसं कागद धरून,
बेबी नागोसेच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख,
आणि मी, चिकमोहातली सेवा केंद्रवाली,
मोबाईल उंच धरून अंगणात
एका पायावर.

म्हणून या वेळी मीच विचारत सुटले.
किती गरमीपर्यंत चालतो?
डब्यावर चाळीस लिहिलंय.
चाळीस तर आमच्याकडे सकाळीच होतात.
रात्री थ्रीफेज येते, साऱ्या वावरातल्या मोटारी एकदम उठतात,
दिवा करपून लाल होतो, तेव्हा?
बिघडला तर कुठं पाठवता? नागपूरला.
आणि नागपूरवाले?
लीलाराम पंख्याकडे पाहू लागला.

यादवचं म्हणणं, आठवाला घेऊन टाक,
एकदाच काय जायचे ते पैसे जाऊ दे.
बैल घेताना हाच माणूस
शिंगं पाहत नाही, दात पाहतो.

काही न घेता परत आले.
दुसऱ्या दिवशी रोशन मडावीला बोलावलं,
फायबरची रीळ गाडीला बांधून गावोगाव फिरणारा पोरगा.
तो मोबाईल तळहातावर घेऊन घरभर चालला,
पाणाड्या नारळ घेऊन चालतो तसा,
आणि थांबला कूलरपाशी.
"ताई, यंत्राले काहून शिव्या देता?
हे पाहा. टिन, अन् टिनात पाणी.
रेंज इथंच पिऊन टाकते हा.
उरली तं ते तुमची गव्हाची कोठी खाते."

कोठी माझ्या लग्नातली.
सरकवायला चार माणसं लागली,
मागे एक विळा सापडला, आणि यादवची हरवलेली चप्पल.

मग घेतले दोन डबे, साधे, दोनदोन अँटेनांचे.
एक ऑफिसात, टिनापासून खाली, पूर्वेच्या भिंतीवर,
एक मागे, चुलीच्या खोलीबाहेर.
दोघांच्या मधे तीस मीटर तार.
"बिनतारीसाठी तार?" यादव म्हणाला.
"हाव ना भाऊ," रोशन म्हणाला,
"जिथं भरवसा पाह्यजे तिथं तारच टाका लागते."
छपरावरून नाही, तो वानरांचा रस्ता आहे.
अंगणाखालून, पाइपातून, तुळशीला वळसा घालून.
शिवाय एक बॅटरी, विटेएवढी,
तिची जाहिरात कुठं पाहिली नव्हती.
नावं काय टाकू, रोशननं विचारलं.
पुढचं दार. मागचं दार.

नोव्हेंबरात शालिक वाघाडे आला हयातीच्या दाखल्याला.
मागल्या वर्षी चाक फिरत राहिलं होतं पाऊण तास.
"अर्धा मेलो होतो त्या दिवशी, बाई,"
असं सांगतच अंगठा धोतराला पुसला.
तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबला. प्रिंटर थांबला.
पुढच्या दाराचा दिवा हिरवाच.
अंगठा एकदा नाही लागला. दुसऱ्यांदा लागला.
"काय म्हणते?"
आहे म्हणते.
"हाव का?" आणि तो बसून राहिला,
त्याच्याकडे मोबाईल नाही, कुठं जायचं नव्हतं,
दिव्याखालच्या बाकावर, कापसाच्या ढिगाला टेकून.

यंदाचा कापूस ऑफिसातच भरलाय, छतापर्यंत.
कापसातून रेंज जाते.
मी पाहिलंय तपासून.